२.४२६.२ की २.४२६.३? एका आकड्याच्या अपडेटवर तुमच्या बँकेचं यूपीआय कसं अवलंबून असतं?

३१ जुलै २०२४. देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांना यूपीआय आणि एटीएम वापरता येईना. यात प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. खात्यात पैसे होते, फोनला रेंज होती, पण व्यवहार होत नव्हते.

बिघाड या बँकांच्या शाखांमध्ये नव्हताच. त्यांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याची शक्यता समोर आली होती. रॅन्समवेअर म्हणजे संगणकातली माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. सी-एज ही टीसीएस आणि स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी. धोका इतर बँकांपर्यंत पोहोचू नये म्हणून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, सी-एजला आपल्या यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली.

मग हल्लेखोर शिरले कुठून? क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने नंतर केलेल्या विश्लेषणानुसार, सुरुवात सी-एजसोबत काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरवरून झाली. त्या सर्व्हरवर जेनकिन्स नावाचं सॉफ्टवेअर चालत होतं. त्याची मांडणी नीट केलेली नव्हती आणि त्यातली एक आधीच माहीत झालेली त्रुटी वापरली गेली. या त्रुटीचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०२४-२३८९७.

'आधीच माहीत झालेली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जेनकिन्सने ही त्रुटी २४ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केली आणि त्याच दिवशी दुरुस्तीही दिली. हल्ला झाला जुलैच्या अखेरीस, म्हणजे सहा महिन्यांनी. जेनकिन्सच्या तेव्हाच्या स्थिर मालिकेत २.४२६.२ ही आवृत्ती धोक्यात होती आणि २.४२६.३ सुरक्षित होती. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा.

असे छोटे अपडेट वेळेवर का होत नाहीत? आणि ते करताना चालू सिस्टीम बंद पडू नये म्हणून काय करतात? समजून घेऊया.

शहाळ्याच्या क्यूआर कोडमागे किती जण उभे असतात?

रत्नागिरीजवळ भाट्येच्या किनाऱ्यावर तुम्ही शहाळं प्यायलात आणि विक्रेत्याचा क्यूआर कोड स्कॅन केलात, असं समजा. तुमच्या ॲपने तुमच्या बँकेला सांगितलं, बँकेने एनपीसीआयला आणि एनपीसीआयने विक्रेत्याच्या बँकेला. ती बँक छोटी असेल तर तिचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बाहेरची कंपनी सांभाळते. त्या कंपनीचं काही काम आणखी एखादी कंपनी करते. तिच्या सर्व्हरवर जेनकिन्ससारखं सॉफ्टवेअर असतं. आणि त्या सॉफ्टवेअरच्या पोटात इतरांनी लिहिलेले कितीतरी छोटे तुकडे असतात.

या तुकड्यांना 'डिपेंडन्सी' म्हणतात. सॉफ्टवेअर लिहिणारा प्रत्येक गोष्ट शून्यापासून लिहीत नाही. तारीख दाखवणं, पीडीएफ बनवणं, पासवर्ड तपासणं यासाठी तयार कोड मिळतो. तो बहुतेकदा मोफत आणि सगळ्यांसाठी खुला असतो. तो घेतला की आपलं सॉफ्टवेअर त्यावर अवलंबून राहतं.

जेनकिन्सचंही तसंच होतं. त्याला दिलेल्या आज्ञा वाचण्यासाठी ते 'आर्ग्ज-फोर-जे' नावाची तयार लायब्ररी वापरत होतं. या लायब्ररीत एक सोय होती: @ चिन्ह लिहून पुढे फाइलचा पत्ता दिला की त्या फाइलमधला मजकूर आपोआप तिथे येतो. स्वतःच्या संगणकावर काम करताना ही सोय बरी. पण इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर तिचा वापर करून बाहेरचा माणूस सर्व्हरमधल्या फाइल वाचू शकत होता. फाइलमध्ये गुप्त किल्ल्या असतील तर पुढचे दरवाजे उघडणंही शक्य होतं. दुरुस्ती म्हणून जेनकिन्सने ही सोयच बंद केली.

म्हणजे दोष तयार तुकड्यातल्या सोयीतून आला, ती सोय जेनकिन्समध्ये पोहोचली आणि तिथून वाट बँकांच्या सेवेपर्यंत गेली. शहाळं विकणाऱ्याने किंवा तुम्ही यातल्या मधल्या कुणाशीही करार केलेला नव्हता.

तीन आकडे काय सांगतात?

बहुतेक सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला तीन आकडे असतात. उदाहरणार्थ, ४.१७.२. यातला पहिला मेजर, दुसरा मायनर आणि तिसरा पॅच. या पद्धतीला 'सिमँटिक व्हर्जनिंग' म्हणतात. तिचे नियम गिटहबचे सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी लिहून काढले.

कोकणातल्या घराचं उदाहरण घ्या.

• पॅच म्हणजे पावसाळ्याआधी फुटलेलं कौल बदलणं. घर तेच, गळती बंद.
• मायनर म्हणजे पडवी वाढवणं. नवी जागा मिळाली, पण जुन्या खोल्या जागच्या जागी.
• मेजर म्हणजे दरवाजाच दुसऱ्या बाजूला नेणं. जुन्या वाटेने येणारा माणूस भिंतीवर आपटणार.

त्यामुळे ४.१७.२ वरून ४.१७.३ वर जाणं साधारणपणे सोपं. ४.१८.० वर जाणंही जमण्यासारखं. पण ५.०.० वर गेलात तर तुमच्या कोडमधल्या काही गोष्टी बंद पडतील, असं आवृत्ती काढणाराच तुम्हाला सांगत असतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. पहिला आकडा शून्य असेल, उदाहरणार्थ ०.८.१, तर काहीही कधीही बदलू शकतं. आणि सगळेच हे नियम पाळत नाहीत. वर्डप्रेसमध्ये ६.४ वरून ६.५ हीच मोठी आवृत्ती मानली जाते. क्रोम ब्राउझरचा पहिला आकडा तर काही आठवड्यांनी वाढतच असतो. म्हणून आकड्यासोबत 'काय बदललं' ही नोंदही वाचावी लागते.

मग अपडेट का होत नाहीत?

कारण भीती. आणि ती निराधार नाही.

सी-एजच्या घटनेच्या १२ दिवस आधी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट जगभर गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजवर चालणारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणजे एकाच महिन्यात एकीकडे अपडेट केल्याने गोंधळ झाला, तर दुसरीकडे जुनी त्रुटी तशीच राहिल्याने.

अशा बातम्या वाचून दोन टोकाच्या सवयी लागतात. पहिली, 'चालतंय ना, मग हात लावू नका.' दुसरी, 'एकदाच बसू आणि सगळं लेटेस्ट करून टाकू.'

खरं तर या दोन सवयी एकमेकींना वाढवतात. वर्षभर हात लावला नाही की ४० लायब्ररी मागे पडतात. मग एखाद्या शनिवारी त्या एकदम वर नेल्या जातात आणि सिस्टीम बंद पडते. ४० पैकी कोणत्या बदलामुळे बंद पडली, ते कळत नाही. सगळं पुन्हा जुन्यावर आणलं जातं आणि पुढची दोन वर्षं कुणी हात लावायला धजावत नाही. तोवर अंतर आणखी वाढलेलं असतं.

यातला खरा तोटा संकटाच्या दिवशी कळतो. सुरक्षा दुरुस्ती सहसा चालू असलेल्या मालिकांनाच मिळते. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतल्या लॉग-फोर-जे या लायब्ररीत मोठी त्रुटी सापडली. जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर ती वापरात होती. निर्मात्यांनी त्या एका महिन्यात २.१५, २.१६, २.१७ आणि २.१७.१ अशा आवृत्त्या काढल्या. जुन्या जावा ७ वर अडकलेल्यांसाठी २.१२.२ ही वेगळी आवृत्तीही दिली. दुसऱ्या मालिकेत असलेल्यांना छोटी पावलं टाकून सुटता आलं.

पण याच लायब्ररीची पहिली मालिका ऑगस्ट २०१५ मध्येच बंद झाली होती. त्या महिन्यात गाजलेली मुख्य त्रुटी त्या मालिकेत तशी नव्हती, मात्र तिच्या स्वतःच्या त्रुटींवर अधिकृत दुरुस्ती येणार नव्हती. तिथे थांबलेल्यांना मोठी उडी मारण्यावाचून पर्याय नव्हता.

म्हणून छोट्या अपडेटचा मुद्दा नवीन फीचर मिळवण्याचा नाही. संकट आलं तर सुरक्षित आवृत्ती एका पावलावर असावी, एवढाच आहे.

मोठी उडी न मारता अपडेट कसं करतात?

१. आधी यादी. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणते तुकडे, कोणत्या आवृत्तीचे आहेत, हे लिहिलेलं असायला हवं. आजच्या बहुतेक साधनांमध्ये 'लॉक फाइल' असते. त्यात प्रत्येक डिपेंडन्सीची नेमकी आवृत्ती नोंदलेली असते. ही फाइल जपली की तुमच्या लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर तेच सॉफ्टवेअर बसतं.

२. मर्यादा घाला. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये ^४.१७.२ लिहिलं तर अर्थ असा: ४.१७.२ किंवा त्यापुढची, पण ५ च्या आतली आवृत्ती चालेल. ~४.१७.२ लिहिलं तर फक्त ४.१७ च्या आतलेच पॅच. एनपीएमची 'आउटडेटेड' ही आज्ञा तीन गोष्टी शेजारी शेजारी दाखवते: सध्याची आवृत्ती, तुमच्या मर्यादेत बसणारी सर्वात पुढची आवृत्ती आणि जगात उपलब्ध असलेली सर्वात नवी. नेहमीच्या अपडेटसाठी मधल्या रकान्याकडे पाहायचं. शेवटच्या रकान्यात मोठी उडी लपलेली असू शकते.

३. एका वेळी थोडंच. एक लायब्ररी किंवा एकमेकांशी संबंधित दोन-तीन. मग चाचणी. मग पुढची. काही बिघडलं तर संशयित एकच असतो.

४. आधी प्रतिकृतीवर. खऱ्या ग्राहकांच्या सिस्टीमवर थेट प्रयोग करायचा नाही. भाट्येला प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. तिथल्या एका संकरित जातीच्या नावातच गावाचं नाव आणि क्रमांक आहे: कोकण भाट्ये नारळ संकर १. अशी नवी जात आधी संशोधन केंद्राच्या प्रक्षेत्रावर वाढवून पाहतात, मग शेतकऱ्याकडे जाते. आणि शेतकरीही चालती बाग एका दिवसात तोडून नवी रोपं लावत नाही. सॉफ्टवेअरच्या प्रक्षेत्राला 'स्टेजिंग' म्हणतात.

५. टप्प्याटप्प्याने सोडा, परतीची वाट ठेवा. क्राउडस्ट्राइकचा तो अपडेट सगळ्यांकडे एकाच वेळी गेला होता. आधी मोजक्या संगणकांवर गेला असता तर नुकसान तिथेच थांबलं असतं. जुनी आवृत्ती आणि डेटाचा बॅकअप हाताशी हवा. डेटाबेसची रचना बदलली असेल तर नुसती जुनी आवृत्ती टाकून मागे येता येत नाही, हेही आधी तपासावं लागतं.

६. ठरलेला दिवस. महिन्यातून एकदा, पंधरा दिवसांतून एकदा, पण नेमाने. डिपेंडाबॉट आणि रिनोव्हेट यांसारखी साधनं नवी आवृत्ती आली की स्वतःहून प्रस्ताव पाठवतात. त्यांना पॅच आणि मायनर अपडेट एकत्र आणि मेजर वेगळे ठेवायला सांगता येतं. प्रस्ताव तपासून मंजूर करणं मात्र माणसाचं काम.

हे मोठ्या कंपन्यांपुरतं नाही. वर्डप्रेसने ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून सुरक्षेचे छोटे अपडेट आपोआप बसवायला सुरुवात केली. तुमच्या होमस्टेची किंवा हापूस विक्रीची वेबसाइट वर्डप्रेसवर असेल आणि कुणी ही सोय बंद केली नसेल, तर तुम्हाला न कळताच हे काम होत असतं. थीम आणि प्लगइनकडे मात्र वेगळं लक्ष द्यावं लागतं.

छोटा आकडा बदलला म्हणजे धोका नाही?

असं समजू नका. तीन आकडे हे वचन आहे, हमी नाही.

जानेवारी २०२२ मध्ये कलर्स नावाच्या लोकप्रिय लायब्ररीच्या लेखकाने स्वतःच तिच्यात कधीही न संपणारा कोड घातला. आवृत्तीचा आकडा होता १.४.१. म्हणजे वरवर पाहता निरुपद्रवी पॅच. तो आपोआप घेणारे कितीतरी प्रकल्प बंद पडले.

८ सप्टेंबर २०२५ ला त्याहून गंभीर घटना घडली. एनपीएमवरच्या काही लायब्ररी सांभाळणाऱ्या एका व्यक्तीला खोटा ईमेल पाठवून त्याच्या खात्याचा ताबा घेतला गेला. त्यानंतर चॉक, डिबग यांसारख्या १८ लायब्ररींच्या दूषित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. या लायब्ररींची आठवड्याची एकत्रित डाउनलोड संख्या २०० कोटींहून जास्त होती. क्रिप्टोचलनाचे व्यवहार दुसऱ्याच पत्त्यावर वळवणारा कोड त्यात होता. हेही दिसायला छोटेच अपडेट होते: डिबगची दूषित आवृत्ती ४.४.२, चॉकची ५.६.१.

साधारण दोन तासांत प्रकार उघड झाला आणि दूषित आवृत्त्या काढायला सुरुवात झाली. यातून एक साधा धडा मिळतो. ज्यांच्याकडे लॉक फाइल होती आणि जे नवी आवृत्ती त्याच तासाला घेत नव्हते, ते वाचले. त्यानंतर 'थोडं थांबून घ्या' ही पद्धत रूढ होऊ लागली. त्याच सप्टेंबरमध्ये पीएनपीएम या साधनाने, आवृत्ती ठरावीक काळ जुनी झाल्याशिवाय ती घेऊच नये, अशी सेटिंग दिली.

म्हणजे नियम दोन झाले. नेहमीचा अपडेट काही दिवस थांबून घ्या. पण सुरक्षा त्रुटी जाहीर झाली असेल आणि तिची दुरुस्ती आली असेल, तर थांबू नका. चाचणी करा आणि लावा. जेनकिन्सच्या बाबतीत दुरुस्ती आणि हल्ला यांच्यात सहा महिने होते.

मोठी उडी कधी टाळता येत नाही?

मालिकाच बंद होते तेव्हा. लाखो वेबसाइट ज्या पीएचपी भाषेवर चालतात, तिच्या ७.४ आवृत्तीचे सुरक्षा अपडेट २८ नोव्हेंबर २०२२ ला थांबले. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा तारखा बऱ्याच आधी जाहीर होतात, त्यामुळे तयारीला वेळ असतो.

तेव्हाही उडीचे तुकडे करता येतात. आधी आपल्याच मालिकेच्या शेवटच्या आवृत्तीवर जायचं. पुढे काय बंद होणार आहे, याचे इशारे तिथे दिसतात. ते एकेक मिटवायचे. मग ५ वरून थेट ८ वर न जाता ६, ७, ८ असं जायचं. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक टप्प्यावर सिस्टीम चालू असते.

नियम काय सांगतात?

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी सायबर सुरक्षेची टप्प्याटप्प्याची चौकट आणली. बँक जितकी डिजिटल, तितकी तिच्यावर जबाबदारी जास्त.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. याच संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'एसबीओएम'विषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. एसबीओएम म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, तेल असं लिहिलेलं असतं ना, तसंच. एखाद्या लायब्ररीत त्रुटी सापडली तर 'ती आपल्याकडे आहे का?' याचं उत्तर यादी असेल तर काही मिनिटांत मिळतं. नसेल तर शोधण्यातच दिवस जातात.

आपण काय करू शकतो?

बँकेचा सर्व्हर आपल्या हातात नाही. पण सहकारी बँक किंवा पतसंस्था सभासदांची असते. महाराष्ट्रात सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. लाभांशाबरोबर तिथे हेही विचारता येतं:

• आपलं सॉफ्टवेअर कोण सांभाळतं? त्यांचं काम आणखी कोण करतं?
• सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी आपल्याकडे आहे का?
• गंभीर त्रुटी जाहीर झाल्यावर दुरुस्ती किती दिवसांत लावायची, हे करारात लिहिलं आहे का?
• अपडेट आधी प्रतिकृतीवर तपासतात का?
• सेवा देणारी कंपनी एक दिवस बंद पडली तर ग्राहकांनी पैसे कसे काढायचे?

तुमची स्वतःची वेबसाइट कुणी बनवून दिली असेल तर तिसरा आणि चौथा प्रश्न त्यांनाही विचारा. वेबसाइट बनवण्याचे पैसे एकदाच दिले जातात, देखभालीचे वेगळे ठरवावे लागतात. ते ठरवलेच नसतील तर शेवटचा आकडा बदलण्याची जबाबदारी कुणाचीच नसते.